दोन अ‍ॅमी, आणि पॅन-आफ्रिकनिझमचं न दिसणारं घरकाम

पाटीपेन्सिल (धागाकर्ती)

भाची समाजशास्त्रात एम.ए. करतेय. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तिच्या नोट्स चाळत होते. एका पानावर 'पॅन-आफ्रिकनिझम' (आफ्रिकेतल्या आणि जगभर विखुरलेल्या आफ्रिकन वंशाच्या लोकांना एकत्र आणणारी चळवळ), खाली तिच्या पुढाऱ्यांची नावं: गार्वी, डु बॉइस, पॅडमोर, एन्क्रुमा, न्येरेरे. वीस पानं पुढे 'ब्लॅक फेमिनिझम', म्हणजे काळ्या बायकांचा स्त्रीवाद, तिथे सगळ्या बायका आणि त्यातही सगळ्या अमेरिकन. म्हणजे बाप्यांनी आधी खंड जोडला आणि बायांनी सत्तरच्या दशकात येऊन 'आमचं काय?' म्हणून कुरकुर केली, असा काहीतरी समज व्हावा.

मला हे दोन कप्पे मुळातच खोटे वाटतात. का ते लिहिते.

1897 साली लंडनमध्ये आफ्रिकन असोसिएशन निघाली. त्रिनिदादचा हेन्री सिल्व्हेस्टर विल्यम्स तिचा कर्ताधर्ता. पण तिचं श्रेय त्यानंच दिलंय दक्षिण आफ्रिकेहून आलेल्या अ‍ॅलिस किनलॉक या बाईंना. किंबर्लीच्या हिऱ्याच्या खाणींत कामगारांना कुंपणाआड कसं कोंडून ठेवतात, यावर त्या इंग्लंडभर भाषणं देत फिरत होत्या. त्यातूनच 1900 ची लंडनची पॅन-आफ्रिकन परिषद उभी राहिली. त्या परिषदेत बोलणाऱ्यांत अ‍ॅना ज्युलिया कूपर होत्या. जन्म गुलामीतला, 1858 चा. पुढे वयाच्या साठीनंतर, 1925 मध्ये, त्यांनी पॅरिसच्या सोरबोनमधून डॉक्टरेट मिळवली. काळ्या स्त्रीची बाजू काळा पुरुषही पुरती मांडू शकत नाही, हे त्यांनी 1892 मध्येच छापून टाकलं होतं. मग सुरुवात कुठून मोजायची?

आता दोन अ‍ॅमींकडे येते. जमैकाच्या मार्कस गार्वीची काळ्यांच्या एकीसाठीची संघटना, यूएनआयए, 1914 मध्ये तिथल्या किंग्स्टनला सुरू झाली. तेव्हा सोबत सतरा वर्षांची अ‍ॅमी अ‍ॅशवुड होती. दोघांची ओळख वादविवादाच्या सभेतली. 1919 च्या डिसेंबरात लग्न झालं आणि काही महिन्यांत फिसकटलं. गार्वीनं 1922 मध्ये दुसरं लग्न केलं ते अ‍ॅमी जॅक्सशी, म्हणजे पहिल्या लग्नात जी करवली होती तिच्याशीच. (आपल्याकडे असती तर यावर मालिका निघाली असती, आणि दोघींनी केलेलं काम तिसऱ्याच भागात गायब झालं असतं.)

गार्वी अटलांटाच्या तुरुंगात गेला तेव्हा संघटनेचा किल्ला कोणी लढवला? अ‍ॅमी जॅक्सनं. त्याची भाषणं-लेख निवडून दोन खंड तिनं संपादित केले. आज 'गार्वीचे विचार' म्हणून लोक वाचतात ते तिच्या हातचं काम. संघटनेच्या 'निग्रो वर्ल्ड' या वर्तमानपत्रात 1924 पासून ती बायकांचं पान चालवायची. बायकांचं पान म्हटल्यावर लोणच्याच्या पाककृती डोळ्यांसमोर येतात, पण हिच्या पानावर चीन, तुर्कस्तान, इजिप्तच्या बायका काय करतायत त्याच्या बातम्या असत, आणि आपल्याच चळवळीतल्या बाप्यांना सरळ दम असे: तुम्हाला जमत नसेल तर बाजूला व्हा, आम्ही पुढे होतो.

पहिली अ‍ॅमी लंडनला गेली. तिथे तिच्या खानावळीत तीसच्या दशकात पॅडमोर, सी. एल. आर. जेम्स, केन्याटा ही चळवळीतली मंडळी जेवायला आणि भांडायला येत. इटलीनं अबिसिनियावर (आजचा इथिओपिया) डोळा ठेवला तेव्हा 1935 मध्ये याच मंडळींनी जी समिती काढली तिची खजिनदार तीच होती. आणि 1945 च्या ऑक्टोबरात मँचेस्टरला पाचवी पॅन-आफ्रिकन काँग्रेस भरली, जिच्यातून पुढचे राष्ट्रप्रमुख निघाले असं आपण वाचतो, तिच्या उद्घाटनाच्या सत्राला अध्यक्षस्थानी तीच. वेस्ट इंडीजवरच्या चर्चेत उठून तिनं विचारलं की निग्रोबद्दल इतकं लिहिलं-बोललं जातं, काळ्या बाईबद्दल कोणी का बोलत नाही? जमैकाच्या मजूर बायकांच्या तुटपुंज्या मजुरीचा विषय तिनं तिथे मांडला. तिच्याखेरीज भाषण करणारी दुसरी बाई एकच, अ‍ॅल्मा ला बॅडी, तीही जमैकाची.

म्हणजे पॅन-आफ्रिकनिझमचं 'घर' बायांनी मांडलं आणि त्याच घरात बसून पहिली तक्रारही त्यांनीच केली. माझं म्हणणं इतकंच की ती तक्रार म्हणजेच ब्लॅक फेमिनिझम. ती बाहेरून आलेली नाही.

लोकांचं काय मत?

खडीसाखर

वाचनखूण साठवली. करवलीचा भाग माहीतच नव्हता! अजून येऊ द्या.

रोखठोक नाना

धागा माहितीपूर्ण आहे, पण निष्कर्ष ओढूनताणून काढलाय. खानावळ चालवली, नवऱ्याची भाषणं छापली, अध्यक्षस्थानी बसवलं. आपल्याकडेही स्वातंत्र्यलढ्यात घरोघरच्या बायकांनी भूमिगतांना भाकऱ्या थापून घातल्या. मोलाचं काम, वादच नाही. पण त्याला 'विचार' कसं म्हणायचं? ब्लॅक फेमिनिझम हा सिद्धांत म्हणून अमेरिकेतच घडला, काळ्या स्त्रीवाद्यांच्या 1977 च्या कॉम्बाही रिव्हर जाहीरनाम्यानंतर. बाकी सगळं नंतर मागे जाऊन चिकटवलेलं वाटतं. ह.घ्या.

पाटीपेन्सिल

नाना, हलकं घेतलं. पण भाकऱ्यांवर थांबू नका.

विचारच हवा ना? मग पॅरिसला चला. मार्टिनिकची पॉलेट नार्दाल आणि तिच्या बहिणी क्लामारच्या घरी रविवारी लोकांना बोलवत. अमेरिकेतले काळे लेखक, कॅरिबियनचे विद्यार्थी, आफ्रिकेतले विद्यार्थी एका खोलीत आले ते तिथे. बहीण जेन नार्दालनं 1928 मध्येच 'काळ्यांचा आंतरराष्ट्रीयवाद' या नावानं लेख लिहिला होता. पॉलेटनं 1931-32 मध्ये दोन भाषांत एक मासिक चालवलं, सहा अंक निघाले. पुढे सेंघोर आणि सेझेर या कवींनी 'नेग्रित्यूद' म्हणून, म्हणजे काळेपणाचा अभिमान सांगणारी चळवळ म्हणून, जे गाजवलं त्याची पेरणी इथली. उतारवयात पॉलेटनं पत्रात लिहून ठेवलंय की आमच्याच कल्पना त्यांनी जास्त झगमगाटात मांडल्या, आम्ही पडलो बायका, वाट आम्ही पाडली. तीन ठिकाणच्या लोकांचं म्हणणं इंग्रजी-फ्रेंचमध्ये एकमेकांना समजावून देणं, भाषांतर करणं, हे नुसतं चहापाणी नाही. पॅन-आफ्रिकनिझम म्हणजे तरी दुसरं काय होतं?

आणि क्लॉडिया जोन्स. जन्म पोर्ट ऑफ स्पेनचा, 1915. लहानपणीच न्यूयॉर्कला गेली, कम्युनिस्ट पक्षात वर चढली. 1949 मध्ये तिनं लेख लिहिला, काळ्या बाईच्या प्रश्नांकडे पक्षानं केलेल्या दुर्लक्षाबद्दल. तिचा मुद्दा असा की कामगार म्हणून, काळी म्हणून आणि बाई म्हणून जिचं तिहेरी शोषण होतं तिला मागे ठेवून तुमची चळवळ पुढे जाणारच नाही. घरकामाला जाणाऱ्या बायकांबद्दल तिनं किती बारकाईनं लिहिलंय! त्यांना कायद्याचं संरक्षण नाही, आणि पुरोगामी गोऱ्या बाईच्या घरीसुद्धा वागणूक मालकिणीचीच. हे सगळं कॉम्बाहीच्या अठ्ठावीस वर्षं आधी. अमेरिकेनं तिला तुरुंगात टाकलं आणि 1955 मध्ये हद्दपार केलं. लंडनमध्ये तिनं 1958 ला वर्तमानपत्र काढलं, 1959 च्या जानेवारीत कॅरिबियन कार्निव्हल भरवला. 1964 मध्ये गेली. हायगेट स्मशानभूमीत कार्ल मार्क्सच्या डाव्या हाताला तिची कबर आहे.

आणि कॉम्बाही नाव तरी कुठून आलं? हॅरिएट टबमननं 1863 मध्ये त्या नदीवर छापा घालून साडेसातशेच्या वर गुलाम सोडवले, त्यावरून. त्या बायकाच मागे बघून नाव ठेवतायत, मग 'मागे जाऊन चिकटवलं' हा आरोप आमच्यावर का?

दर्याकाठ

आम्ही सहा वर्षं घानाच्या राजधानीत, अक्राला होतो, यांच्या नोकरीमुळे. पुस्तकातलं फार माहीत नाही, पण मकोला बाजारातलं सांगते.

तिथे कापडाच्या गल्लीत गेलात की प्रत्येक नक्षीला नाव असतं. दुकानदारीण बाई कापड उलगडून आधी नाव सांगते, मग भाव. एकाचं नाव 'पैशाला पंख असतात'. एकाचं 'कासवाची पाठ'. आणि एक 'अहवेने पा न्कासा', म्हणजे चांगले मणी वाजत नाहीत. मी लगेच म्हटलं, अहो हे तर आमचं 'उथळ पाण्याला खळखळाट फार'! तिला ते तोडक्यामोडक्या इंग्रजीत समजावलं तर इतकी खूश झाली, पण भाव एक पैशानं उतरवला नाही. दर मालाची एक 'क्वीन' असते, टोमॅटोची वेगळी, रताळ्याची वेगळी. आपल्या मार्केट यार्डातल्या अडत्याला जे मोल, तेच या बाईला, बहुधा जास्तच.

या बाजारातल्या बायकांनी स्वातंत्र्यलढ्याचा नेता एन्क्रुमा याच्या पक्षाला पैसा पुरवला, गर्दी पुरवली. त्याशिवाय 1957 चं स्वातंत्र्य मिळालं नसतं असं तिथले म्हातारे लोक सहज बोलून जातात. आणि 1979 मध्ये काय झालं? महागाईचं खापर याच बायकांच्या डोक्यावर फोडलं. साठेबाज म्हणे! ऑगस्टमध्ये लष्करी सत्ताधारी रॉलिंग्जच्या सैनिकांनी मकोला नंबर एक सुरुंग लावून जमीनदोस्त केला. पुढे तिथे गाड्यांचा तळ झाला. त्याला लोक काय म्हणतात? 'रॉलिंग्ज पार्क'. मी तिथेच गाडी लावून भाजीला जायचे, कित्येक महिने मला यातलं काही माहीत नव्हतं.

रोखठोक नाना

हे वाचून गप्प झालो. रॉलिंग्ज स्वतःला एन्क्रुमाचा वारस समजायचा ना?

गवती चहा

नाना, वारस कोणीही म्हणवून घेतो. मुद्दा हा की झेंडा फडकला की बायकांना घरी पाठवायचं, हा प्रकार एका माणसाचा नाही. एक तारीख लक्षात ठेवा. 31 जुलै 1962, दार-ए-सलाम. आफ्रिकाभरच्या स्त्री-प्रतिनिधी जमल्या आणि त्यांनी खंडव्यापी संघटना काढली, आजची पॅन-आफ्रिकन विमेन्स ऑर्गनायझेशन. राष्ट्रप्रमुखांची ओएयू (आफ्रिकन एकता संघटना) निघाली 25 मे 1963 ला, अदिस अबाबात. म्हणजे बायकांचा खंड दहा महिने आधी एक झाला होता! आफ्रिकन महिला दिन 31 जुलैला असतो तो त्यामुळे. अदिस अबाबाला कराराच्या टेबलाशी बसलेले राष्ट्रप्रमुख मात्र झाडून पुरुष.

आता माझी आवडती गोष्ट. नायजेरियातलं अबेओकुटा. फुनमिलायो रॅन्सम-कुटी, शाळामास्तरीण, चांगल्या घरातली. (फेला कुटी या गायकाची आई म्हणून लोक ओळखतात, खरं म्हणजे उलटं हवं.) त्यांचं आधी शिकलेल्या बायकांचं मंडळ होतं. भरतकाम, टापटीप वगैरे. मग एक बाजारात बसणारी बाई म्हणाली, मला वाचायला शिकवा. शिकवता शिकवता या बाईंनाच कळलं की खालच्या बायकांवर कर किती आहे. बायकांवर वेगळा कर, पंधराव्या वर्षापासून. पोरगी पंधराची झाली का हे बघायला कर गोळा करणारे तिचे कपडे उतरवायचे, अशा तक्रारी होत्या. करवसुली इंग्रजांच्या वतीनं स्थानिक राजा करायचा, त्याची पदवी 'अलाके'.

मग मंडळाची यूनियन झाली. बाईंनी इंग्रजी झगे सोडले, योरुबा लुगडं नेसायला लागल्या, सभेत योरुबातच बोलायला लागल्या. मोर्च्याला परवानगी मिळेना, तर मोर्च्याला 'सहल' म्हणायला लागल्या! अश्रुधुराची नळकांडी पडली तर फुटायच्या आत उचलून परत कशी फेकायची, याचं अंगणात शिक्षण दिलं. हजारो बायका राजवाड्यापुढे ठाण मांडून बसल्या, राजावर गाणी रचली. त्या गाण्यांतले शब्द इथे लिहिता येणार नाहीत, शिमग्याची आठवण काढा आणि दुप्पट करा. 1949 च्या जानेवारीत राजा गाशा गुंडाळून गेला. कर रद्द झाला. (राजा पुढच्या वर्षी परत आला, तेही सांगायला हवं.)

आणि नाना, विचार विचारत होतात ना? 1947 मध्ये याच बाई लंडनला गेल्या, नायजेरियाच्या शिष्टमंडळात एकट्या बाई. तिथल्या वर्तमानपत्रात लिहिलं की इंग्रज येण्याआधी आमच्या बायकांना बरोबरीचं स्थान होतं, ते तुम्ही काढून घेतलंत. नायजेरियात खळबळ उडाली. पण वसाहतवाद आणि पुरुषसत्ता एकमेकांना कशा धरून असतात, हा प्रश्न तिथे सरळ मांडलेला आहे. विद्यापीठांत त्यावर ग्रंथ निघायला आणखी चाळीस-पन्नास वर्षं लागली.

विभक्ती

गवती चहा, बरोबर तिथेच एक वाद आहे आणि मला तो सगळ्यात रोचक वाटतो.

ओयेरोंके ओयेवूमी या विदुषीनं 1997 मध्ये असं मांडलं की जुन्या योरुबा समाजात 'बाई' हा प्रवर्गच नव्हता, तो इंग्रजांनी आणि मिशनऱ्यांनी आणला. तिथे माणूस मोठा का धाकटा यावर सगळं ठरायचं. पुरावा भाषेतला. योरुबात 'तो' आणि 'ती'ला एकच सर्वनाम. भाऊ-बहीण असे शब्द नाहीत, 'आपल्याहून मोठं भावंड' आणि 'आपल्याहून धाकटं भावंड' असे आहेत. आपल्याला टेबलालासुद्धा लिंग लागतं, म्हणून हे ऐकून गंमत वाटते. शिवाय, लग्न करून आलेली सून त्या घरात जन्मलेल्या सगळ्यांना, मुलींनाही, 'ओको' म्हणते. 'नवरा' असा त्याचा अर्थ लावतात, पण तिच्या मते तो 'घरचा माणूस' असा आहे.

मराठी वाचकाला यासाठी सिद्धांत लागत नाही. सून नणंदेला 'वन्सं' म्हणते, अहोजाहो करते, नणंद दहा वर्षांनी लहान असली तरी. म्हणजे घरात जन्मलेली विरुद्ध बाहेरून आलेली, ही उतरंड बाई-पुरुष उतरंडीच्या आरपार जाते.

पण (हा पण मोठा आहे) वन्सं म्हणून मान मिळाला म्हणून नणंदेला वाडीत हिस्सा मिळाला का? बीबी बकारे-युसूफ या दुसऱ्या नायजेरियन अभ्यासिकेनं ओयेवूमीला जवळपास हेच विचारलं. सर्वनामात भेद नाही म्हणून व्यवहारात भेद नाही असं होत नाही, आणि मोठेपणाची उतरंड ही काही निरागस गोष्ट नाही, तिच्याआड बरंच लपवता येतं. मला बकारे-युसूफ पटते. 'आमच्याकडे पूर्वी सगळं छान होतं' हे वाक्य कुठल्याही भाषेत ऐकलं की माझे कान टवकारतात.

रोखठोक नाना

विभक्ती, हेच मला म्हणायचं होतं, तुम्ही बरं म्हटलंत. पॅन-आफ्रिकनिझम म्हणतो सगळं गोऱ्यांनी बिघडवलं, स्त्रीवाद म्हणतो घरातही बिघाड होता. दोन्ही एकत्र कसं नांदणार?

पाटीपेन्सिल

भांडत भांडत नांदलं, नाना. उदाहरण देते. सत्तरच्या दशकात पाश्चात्त्य स्त्रीवाद्यांनी आफ्रिकेतल्या मुलींची जननेंद्रिये कापण्याच्या प्रथेविरुद्ध मोहीम उघडली. डाकारमध्ये 1977 ला आफ्रिकन स्त्री-संशोधकांची संघटना निघाली होती, एएडब्ल्यूओआरडी नावाची. त्यांनी दोन्हीकडे तोफ डागली. प्रथा वाईट आहे, संपायलाच हवी. पण तुम्ही आमच्या पोरींची शरीरं तमाशासारखी मांडू नका, आणि गरिबीचा, शोषणाचा प्रश्न वगळून एवढंच दाखवू नका. 1980 च्या कोपनहेगनच्या संयुक्त राष्ट्रांच्या महिला परिषदेत यावरून चांगली जुंपली. म्हणजे बाहेरच्यांसमोर खंडाची बाजू घ्यायची आणि घरात भावाला धारेवर धरायचं. कॉम्बाहीवाल्या बायकांनीही हेच लिहिलंय: वंशभेदाविरुद्ध काळ्या पुरुषांबरोबर लढतो आणि पुरुषीपणावरून त्यांच्याशीच लढतो.

आणि 2003 चा मापुटो करार बघा. बायकांच्या हक्कांचा, आफ्रिकन युनियनच्या छत्राखालचा. काही परिस्थितींत गर्भपाताचा हक्क स्पष्ट शब्दांत लिहिणारा तो पहिला आंतरराष्ट्रीय करार. 2005 मध्ये लागू झाला. कागदावर आहे हे मान्य, पण तो कागद अमेरिकेतून आलेला नाही.

निंबोणी

लंडनहून माझे दोन पैसे. 1978 मध्ये इथे ओवाड नावाची संघटना निघाली. सुरुवात केली ती आफ्रिकन विद्यार्थी संघटनेतल्या आणि ब्रिक्स्टनमधल्या काळ्या बायकांनी, नजर आफ्रिकेतल्या मुक्तिलढ्यांवर. पहिलं नाव 'आफ्रिका आणि आफ्रिकन वंशाच्या स्त्रियांची संघटना' अशा अर्थाचं. काही महिन्यांत ते बदलून 'आशियाई आणि आफ्रिकन वंशाच्या स्त्रियांची' केलं, म्हणजे आपल्याकडच्या बायकांना आत घ्यायला! आद्याक्षरं तीच राहिली, छापील कागद वाया गेले नाहीत. (हा माझा विनोद.) 1979 च्या जानेवारीत हीथ्रोवर लग्नासाठी आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची कौमार्य-तपासणी केली गेली, तेव्हा ओवाडच्या बायकांनी विमानतळावर जाऊन ठिय्या दिला. त्यात काळ्या बायका होत्या. हे इथल्या आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात मी एकदा सांगितलं तर सन्नाटा. 'ब्लॅक' हा शब्द आपल्यालाही लागू होता हे आमच्या लोकांना आवडत नाही.

पण ती एकीही टिकली नाही. आफ्रिकन-आशियाई एकोपा नेमका कशाचा, लैंगिकतेवर बोलायचं की नाही, यावरून तडे गेले आणि 1982 च्या सुमाराला सगळं विस्कटलं.

गवती चहा

+१. प्रत्येक धाग्याला फुले-आंबेडकरांचं ठिगळ लावायची सवय आहे आपल्याला, पण इथे खरंच जोड आहे म्हणून एकदाच. 'गुलामगिरी' 1873 ची, अर्पण केलीय अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना. बाबासाहेबांनी 1946 मध्ये अमेरिकेतला काळा विचारवंत डु बॉइस याला पत्र लिहिलं. दलित पँथरचं नाव कुठून आलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. ही सगळी देवाणघेवाण बाप्यांच्या नावावर. आणि मग उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून गावोगाव फिरून म्हाताऱ्या बायकांना विचारतात, तुम्ही आंबेडकरी चळवळीत काय केलंत? पुस्तकाचं नावच मुळी 'आम्हीही इतिहास घडवला'. त्या 'ही'मध्ये सगळं आलं.

खडीसाखर

सगळ्यांचे आभार, सुट्टी सार्थकी लागली. पाटीपेन्सिल, भाचीनं नोट्स बदलल्या का?

पाटीपेन्सिल

नाही हो. म्हणाली, मावशी, पेपर तपासणारे जुन्या नोट्सवरूनच तपासतात. समासात पेन्सिलीनं दोन अ‍ॅमी लिहून घेतल्यात तेवढ्या.

रोखठोक नाना

एक प्रामाणिक शंका. अबेओकुटाच्या त्या गाण्यात नेमकं काय होतं? निव्वळ अभ्यासाच्या दृष्टीनं विचारतोय.

गवती चहा

व्यनि केलाय. घरी सूनबाई जवळ असताना उघडू नका.